पक्के म्हणजे काय?

आमच्या डिचोली-पेडण्याकडे घराची चौकशी करताना ‘घर पक्के आहे ना?’ हा प्रश्न ठरलेला. सोयरीक जुळवणारे विचारतात, कर्ज देणारे विचारतात, सरकारही विचारते. २०११च्या जनगणनेतील घरांची वर्गवारी वाचली तेव्हा मला तर हसूच आले. मातीची किंवा न भाजलेल्या विटांची भिंत तिथे कच्च्या सदरात, आणि जस्ती पत्र्याची भिंत पक्क्या सदरात! ही वर्गवारी करणाऱ्याने पत्र्याच्या आड एक मे महिना काढलेला नसावा.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने भिंतींवर का लिहावे, असे कुणी विचारील. कारण सरळ आहे. डिचोली तालुक्यातले आमचे जुने घर चिऱ्याचे, मातीत रचलेले, आणि बाहेरून चुन्याचा गिलावा केलेले आहे. हा गिलावा पश्चिमेला ठिकठिकाणी सुटला आहे. बाबांनी आणि दोन्ही काकांनी वर्गणी काढून चारही बाजूंचा चुना खरवडायचा आणि सिमेंट मारायचे ठरवले आहे. चतुर्थीला सगळे जमतील तेव्हा घर नवे दिसले पाहिजे. माझा या बेताला विरोध आहे.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चिरा हा सच्छिद्र दगड. मातीचे तर बोलायलाच नको. अशी भिंत पावसाळ्यात थोडे पाणी पिणारच, आणि खालून जमिनीची ओलही चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल ऊन पडू लागले की हळूहळू निघून जाते. सिमेंटचा थर कडक आणि दाट. आतली माती ओलीने फुगते, उन्हाने आक्रसते; ही हालचाल सिमेंटला सोसत नाही आणि केसासारख्या भेगा पडतात. भेगांतून पाणी आत शिरते, पण बाहेर यायला पुरेशी वाट उरत नाही. मग लोणा फुटतो, रंगाचे पोपडे निघतात, चिऱ्यांमधली माती सैल होते. आमच्या वाड्यावरच्या एका घराचा सिमेंटचा गिलावा दुसऱ्याच पावसाळ्यात फळीसारखा सुटून पडला आणि जाताना चिऱ्याचे टवके घेऊन गेला. मालकांनी काय केले? पुन्हा सिमेंट मारले, या वेळी जाड!

जुन्या लोकांनी कौलांची पाखी भिंतीच्या बरीच पुढे काढली, आणि जून लागण्यापूर्वी झडीच्या बाजूला चुडतांचे झाप बांधले. पाऊस सरला की झाप सोडायचे. म्हणजे भिंतीला दर साल नवा अंगरखा, आणि तोही परसातल्या माडाचा. आता त्या जागी निळे प्लॅस्टिक दिसते. त्यालाही माझी हरकत नाही, कारण ते ऑक्टोबरात सोडता येते. सिमेंट सोडता येत नाही.

कॉलेजसाठी मी चोर्ला घाट चढून बेळगावात आलो. आई कारवारकडची असल्याने कानडी कानावर होती, पण आमच्या चिऱ्याला (घाटावर ज्याला जांभा म्हणतात) कानडीत ‘जंबिट्टिगे’ म्हणतात हे इथे कळले. इट्टिगे म्हणजे वीट. फ्रान्सिस बुकानन याने मलबारातल्या अंगाडिपुरमचा हाच दगड पाहून, १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात त्याला लॅटराइट नाव दिले, तेही विटेच्या लॅटिन शब्दावरूनच. काव चढवलेल्या चुन्याच्या गिलाव्यावर कोरून आतला पांढरा थर दाखवणारी कावी कलाही मोरजीच्या मोरजाई देवळापासून कुमटा-होन्नावरपर्यंत एकाच नावाने ओळखली जाते. चुना गेला की ती कलाही गेली. आमच्याच तालुक्यातले नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली बांधवले. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४चे. तेव्हा पक्के कशाला म्हणत असतील?

आता हिशेब. बाबा म्हणतात, सिमेंटचा खर्च एकदाच, चुना मात्र दोन-तीन वर्षांनी काढत बसावा लागतो. आमच्या शास्त्राच्या भाषेत, महसुली खर्च टाळण्यासाठी ते भांडवली खर्च करू पाहतात. पण भांडवली खर्चाने मालमत्तेचे आयुष्य वाढायला हवे. जो खर्च घसारा वाढवतो त्याला भांडवली म्हणायचे कसे?

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र जड आहे. ‘चुना काढणार कोण? तू बेळगावात, तुझे चुलतभाऊ पणजीत. शेवटी तुझ्या आईच्याच गळ्यात पडणार.’ हे खरे आहे. मातीच्या घरांच्या टिकाऊपणामागे बायकांचे सारवण-लिंपण आहे, आणि जुन्या घरांचे गोडवे गाणारे ते कधी मोजत नाहीत. म्हणून आत फरशी बसवायला माझी काहीच आडकाठी नाही. शिवाय चुन्यात काम करणारा गवंडी शोधावा लागतो. चुना विरवून मुरवायला दिवस लागतात आणि कंत्राटदाराला चार दिवसांत उरकायचे असते.

भाटकाराच्या जमिनीत ज्यांचे घर आहे त्यांना मी हे सांगायला जाणार नाही. १९७५च्या मुंडकार कायद्याने त्यांना संरक्षण दिले, तरी मालकीचे कागद हाती येईपर्यंत सिमेंटची भिंत हीच त्यांना सनद वाटते. आमचे कागद आमच्या नावावर आहेत. आम्हाला ही घाई कशाची? जानेवारी २०२३मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्यातल्या जुन्या घरांना शहरातली गिऱ्हाइके विचारू लागली आहेत. त्यांतल्या एकाने घेतलेले घर मी पाहिले. तिथे दोन माणसे छिन्नीने सिमेंट काढत होती आणि ओसरीवर पिंपात चुना भिजत होता.

मी घरी सुचवले आहे ते असे. यंदा फक्त पश्चिमेची भिंत धरावी. सुटलेला गिलावा काढून सांध्यांत चुना भरावा आणि वर चुन्याचाच गिलावा करावा. शिमग्याच्या आत काम संपले तर पावसापूर्वी तो नीट धरेल. पागोळ्यांचे पाणी भिंतीपाशी साचते तो चर मोकळा करावा, आणि मेअखेरीस झाप बांधावेत. बाकीच्या तीन बाजूंना दोन पावसाळे हात लावू नये. धाकट्या काकांना हे पटले आहे. थोरल्या काकांनी सिमेंटची पोती आधीच सांगून ठेवली आहेत. ती परसातल्या न्हाणीला आणि फाटकाच्या खांबांना लागतील, असे मी परवा त्यांना फोनवर म्हटले. बघतो, एवढेच ते बोलले.