भांडणाचा अभ्यासक

मुलगा डॉक्टर व्हायचा म्हटला की घरात पेढे वाटले जातात. इंजिनियर व्हायचा म्हटला की वडील बँकेत कर्जाची चौकशी करून येतात. पण घरातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने ‘मी राज्यशास्त्र घेणार’ असे जाहीर केले, की पंगतीत एकदम शांतता पसरते. मग काका हळूच विचारतात, ‘म्हणजे पुढे निवडणुकीला उभा राहणार की काय?’ आणि आजी निकाल देऊन टाकते, ‘राजकारण कळायला कॉलेजात कशाला जायला हवं?’ आमच्या कोल्हापुरात तर या शंकेला अधिकच जोर. इथे तालमीच्या कट्ट्यावर बसलेला प्रत्येक गृहस्थ राज्यशास्त्राचा प्राध्यापकच असतो. त्याला पगार तेवढा मिळत नाही.

विनोद सोडून देऊ. एका देशात राहणारी माणसे भाषेवरून, जातीवरून, धर्मावरून का भांडतात आणि इतके भांडूनही एका छपराखाली कशी राहतात, हा काही रिकामटेकड्यांचा प्रश्न नव्हे. संघराज्य हे मोठ्या एकत्र कुटुंबासारखे असते. थोरल्याची चूल कुठे, धाकट्याची खोली कोणती, विहिरीचे पाणी कुणी किती घ्यायचे, हे एकदा ठरून भागत नाही. पिढी बदलली की पुन्हा ठरवावे लागते. अशा वेळी आवाज चढवणारे पुष्कळ मिळतात. पूर्वी काय ठरले होते, कोणत्या कागदावर ठरले होते आणि कुणाला न विचारता ठरले होते, हे शांतपणे सांगणारा माणूस मात्र शोधावा लागतो. असा एक माणूस महाराष्ट्राला लाभला होता. त्यांचे नाव य. दि. फडके.

यशवंत दिनकर फडके यांचा जन्म १९३१ साली सोलापूरचा. सोलापूर म्हणजे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येणारे गाव. पुढे ते राज्यशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्यांनी अध्यापन व संशोधन केले. भाषावार राज्यांच्या राजकारणावर त्यांनी लिहिलेला ‘पॉलिटिक्स अँड लँग्वेज’ हा इंग्रजी ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध झाला. ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’ या नावाने त्यांनी खंडामागून खंड लिहिले. २००८ साली ते गेले. मंत्रिपद नाही, कारखाना नाही, की एखादे शिक्षणसम्राटपद नाही. जुनी वर्तमानपत्रे, पत्रव्यवहार, अहवाल आणि जनगणनेची पुस्तके यांच्या सोबतीत गेलेले हे आयुष्य. अशा आयुष्याचा उपयोग काय, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर कोल्हापुरातून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडून दिसत असेल.

कोल्हापूरहून दक्षिणेला निघावे. कागल मागे टाकले, दूधगंगेचा पूल ओलांडला, की कोगनोळी येते आणि पाट्यांवरची लिपी बदलते. पुढे निपाणी. तिथल्या बाजारात मात्र मराठी तशीच कानावर पडते, आणि सोयरिकी तर केव्हाच्या नदी ओलांडून गेलेल्या असतात. मार्गशीर्षात कोल्हापूरचे भाविक एस.टी. भरभरून सौंदत्तीच्या यल्लम्माला जातात. तिकडचे कन्नड भाविक अंबाबाईच्या दर्शनाला इकडे येतात. धारवाडकडचे मल्लिकार्जुन मन्सूर अल्लादियाखाँसाहेबांच्या घराण्याची गायकी त्यांच्या मुलांकडे, मंजीखाँ आणि बुर्जीखाँ यांच्याकडे शिकले. देवीला आणि स्वरांना सीमा नव्हती. ती आखण्याची पाळी आली ती सरकारवर.

ही सीमा कशी आखली गेली ते पाहण्यासारखे आहे. डिसेंबर १९५३ मध्ये केंद्र सरकारने न्यायमूर्ती फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला. सप्टेंबर १९५५ मध्ये त्याचा अहवाल आला. राज्ये वाटताना आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक धरला. आता बेळगाव जिल्हा अखंड धरला तर कन्नड बोलणारे अधिक भरतात. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी असे भाग वेगवेगळे धरले तर चित्र पालटते. तिथे मराठीचे पारडे जड होते. माणसे तीच, भाषा तीच, जनगणनाही तीच. फक्त माप बदलले की निकाल बदलतो!

गंमत अशी, की हे माप एके ठिकाणी आयोगानेच मोडले. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका उघड उघड मराठी, म्हणून तेवढा वेगळा काढला गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेचा कायदा अमलात आला तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड मुंबई राज्यात राहून आमच्या कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. आज चंदगडची काजू आणि रताळी कोल्हापूरची म्हणून आपण कौतुकाने आणतो, त्यामागे हा इतिहास आहे. एका तालुक्याला जे माप लावले ते शेजारच्या खानापूरला का नको, असा प्रश्न सीमाभागातल्या मराठी माणसाने विचारला. सत्तर वर्षे होत आली, तरी तो प्रश्न विचारला जातोच आहे.

दुसरीकडे वेगळे माप वापरले गेले. आंध्र आणि मद्रास यांच्यातला सीमातंटा ह. वि. पाटसकर यांच्याकडे सोपवला होता. पाटसकर हे मराठी गृहस्थ. त्यांनी खेडे हा घटक धरला, सलगता पाहिली, बहुसंख्येची भाषा पाहिली आणि त्यानुसार गावे अदलाबदल करण्याची शिफारस केली. १९५९ साली तसा कायदा झाला. महाराष्ट्राने आपल्या ८१४ गावांच्या मागणीसाठी हाच आधार घेतला: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकांची इच्छा. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ साली माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. १९६७ च्या त्यांच्या अहवालात निपाणीसकट २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला देण्याची शिफारस होती. बेळगाव मात्र म्हैसूरकडेच ठेवावे असे म्हटले होते. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, म्हैसूरने उचलून धरला, आणि एकही गाव इकडचे तिकडे झाले नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. कोल्हापूरच्या प्रा. एन. डी. पाटलांनी हा प्रश्न अखेरपर्यंत लावून धरला. २०२२ च्या जानेवारीत ते गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोन्ही राज्यांत पुन्हा ठिणगी पडली आणि एस.टी. गाड्या काही काळ सीमेवर अडकल्या. मंत्र्यांची भाषणे झाली. पण पंचाईत झाली ती निपाणीहून कोल्हापूरला दवाखान्यात निघालेल्या माणसाची.

अभ्यासकाचे काम नेमके इथे सुरू होते. आंदोलक म्हणतो, ‘बेळगाव आमचे.’ समोरचाही तेच म्हणतो. अभ्यासक विचारतो, ‘घटक कोणता धरलात? जनगणना कोणत्या सालची? आणि तिथल्या माणसाला कुणी विचारले का?’ हे तीन प्रश्न ऐकायला कोरडे आहेत. पण लाखो लोकांच्या शाळा, नोकऱ्या आणि सातबारा कोणत्या भाषेत असावेत, ते या कोरड्या प्रश्नांवरच ठरते.

आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवायचे; ते मानलेच पाहिजे असे नाही. गावकऱ्याला विचारण्याची तर सोयच नाही. स्वित्झर्लंडने दुसरी वाट धरली. तिथल्या बर्न प्रांतात जर्मन भाषकांच्या बहुसंख्येत ज्युरा नावाचा फ्रेंच भाषकांचा मुलूख होता. १९७४ साली तिथल्या लोकांना विचारले, मग १९७५ मध्ये एकेका तालुक्याला आणि शेवटी सीमेवरच्या एकेका गावाला विचारले. १९७८ साली सगळ्या देशाने मत दिले आणि १ जानेवारी १९७९ पासून ज्युरा स्वतंत्र प्रांत झाला. व्हेलरा नावाचे चिमुकले खेडे चुकीच्या बाजूला राहिले होते. तेही १९९६ साली पलीकडे गेले. मूतिए या गावाने तर २०२१ साली आपला कौल दिला. घड्याळे बनवणाऱ्या त्या देशालासुद्धा हे भांडण मिटवायला पन्नास वर्षे पुरली नाहीत. शिवाय ज्युराच्या दक्षिणेकडचे बरेच लोक फ्रेंच बोलत असूनही बर्नमध्येच राहिले, कारण ते प्रोटेस्टंट होते आणि उत्तरेकडचे कॅथलिक. भाषा म्हणजेच सारे काही, असे मानणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

पन्नास-साठच्या दशकांत भल्याभल्यांना वाटत होते, की भाषावार राज्ये केली तर भारताचे तुकडे पडतील. सेलिग हॅरिसन या अमेरिकन लेखकाने १९६० साली त्या दशकांना धोक्याची दशके ठरवून एक पुस्तकच लिहिले. देश फुटला नाही. उलट, आपल्या भाषेत कारभार चालू लागल्यावर माणसांना दिल्ली थोडी जवळची वाटू लागली. डॉ. आंबेडकरांनी १९५५ साली भाषिक राज्यांवरच्या आपल्या पुस्तिकेत बारीक फरक दाखवून ठेवला होता: एका राज्याची भाषा एक असावी, पण एका भाषेचे सगळे लोक एकाच राज्यात असले पाहिजेत असे मुळीच नाही. हा फरक घोषणेत बसत नाही. म्हणून तो लिहून ठेवणारा माणूस लागतो.

फडक्यांचे कोल्हापूरवर आणखी एक ऋण आहे. भाषेच्या भांडणाआधी या नगरीत जातीचे भांडण पेटले होते. १८९९ सालापासून वेदोक्ताचा वाद धुमसत होता. छत्रपतींच्या वाड्यात वेदोक्त मंत्र म्हणायचे की पुराणोक्त, यावरून सारा महाराष्ट्र दुभंगला. एका बाजूला शाहू महाराज, दुसऱ्या बाजूला लोकमान्य टिळक. १९०२ साली महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, आणि दरी आणखी रुंदावली. ज्या घरांत महाराजांची तसबीर, तिथे टिळकांविषयी आणि ज्या घरांत टिळकांची, तिथे महाराजांविषयी काय बोलले जाई, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. फडक्यांनी ‘शाहू छत्रपती आणि लोकमान्य’ हे पुस्तक लिहिले आणि दोघांनाही कागदपत्रांसमोर उभे केले. दोन थोर माणसांपैकी एकाला निवडून दुसऱ्याला झोडपणे सोपे होते. टाळ्याही हमखास पडल्या असत्या. ती वाट त्यांनी घेतली नाही.

१९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. २००० साली संमेलन पुन्हा बेळगावला भरले. ज्या खुर्चीवर बहुधा कवी-कादंबरीकार बसतात तिच्यावर त्या वर्षी फडके बसले. ठराव करणारे गाव महाराष्ट्राबाहेरच राहिले, आणि त्या ठरावाच्या राजकारणाचा शोध घेणारा माणूस चौपन्न वर्षांनी तिथे अध्यक्ष झाला! मराठी समाज अभ्यासाला मान देत नाही असे आपण नेहमी म्हणतो. त्या दिवशी तरी त्याने दिला.

या साऱ्या व्यासंगातून आपल्या घराण्यांनी घ्यायचे ते काय? मला वाटते, एवढेच, की सीमा कुठेही आखा, तिच्या दोन्ही बाजूंना थोडी माणसे ‘परकी’ उरणारच. घटनाकारांच्या मागून आलेल्यांना हे कळले होते. म्हणून १९५६ सालीच सातवी घटनादुरुस्ती करून अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे कलम ३५०-अ घातले गेले, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारीही नेमला गेला. बेळगाव-खानापूरच्या मराठी शाळांसाठी आपण हे कलम हक्काने पुढे करतो, आणि ते योग्यच आहे. पण जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड शाळा आहेत. शिरोळ आणि गडहिंग्लजकडे घरात कन्नड बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्या शाळांना शिक्षक वेळेवर मिळतात का, पुस्तके मिळतात का, हे आपल्यापैकी कितीजणांनी कधी विचारले आहे? बेळगावातल्या मराठी पोरासाठी जे मागतो ते जतमधल्या कन्नड पोराला देताना हात आखडला, तर न्यायालयात आपले वकील कितीही हुशार असोत, आपली बाजू लंगडीच राहील.