हातच्याची वजाबाकी
बीड जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना खुले पत्र

महोदय,

माजलगावच्या बाजारात आईशेजारी बसून अडीच किलो वांग्यांचा हिशेब तोंडी करणारे आणि शंभराच्या नोटेतून उरलेले पैसे बिनचूक परत देणारे पोर शाळेत हातच्याची वजाबाकी मांडताना अडखळते, तेव्हा त्या अपयशाचे खापर त्याच्या बुद्धीवर फोडण्याचा आपला परिपाठ अन्यायाचा आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरातील पाच लहान विक्रेत्यांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्या मुलांनी व्यवहारातली ९८ टक्के उदाहरणे अचूक सोडविली, परंतु तशीच उदाहरणे निव्वळ अंकांत मांडून दिली असता हे प्रमाण ३७ टक्क्यांवर उतरले. कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हीच दरी आढळली, आणि शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब साधत नाही, हेही २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसले. म्हणजे मुलाजवळ गणित आहे; ते पाटीपर्यंत आणणारी वाट आपण बांधलेली नाही.

ती वाट अज्ञात नाही. 'प्रथम' संस्थेच्या बालसखी उपक्रमात मुंबई व वडोदरा येथील मागे पडलेल्या मुलांना इयत्तेचा आग्रह सोडून त्यांच्या प्रत्यक्ष पातळीपासून शिकविले गेले, आणि त्यांचे गणित सुधारल्याचे काटेकोर तुलनेने सिद्ध झाले. आपल्या तालुक्याला याची निकड अधिक आहे, कारण दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेल्या आईबापांबरोबर जे मूल ऊसतोडीला जाते, ते उन्हाळ्यात परतते तेव्हा दफ्तरी पाचवीत असले, तरी दशक-एककापाशीच थांबलेले असू शकते. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहतात, हे खरोखर मोठे काम आहे; पण राहणे म्हणजे शिकणे नव्हे.

म्हणून माझी मागणी मोजकी आहे. परतलेल्या प्रत्येक मुलाची तोंडी पारख व्हावी. रोज एक तास इयत्ता बाजूस ठेवून पातळीनुसार गट बसावेत. मुलाने आपली तोंडी रीत आधी बोलून दाखवावी, शिक्षकाने तीच काड्यांच्या गठ्ठ्यांनी आणि मग अंकांनी मांडावी. आणि त्या तासात शिक्षकास कोणत्याही अहवालासाठी वा बैठकीसाठी बोलावू नये. या अखेरच्या अटीवाचून बाकी सारी तजवीज कागदावरच राहील, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऊसतोडीच्या टोळ्या परतण्यापूर्वी तसा हुकूम माजलगावच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दफ्तरी पोहोचावा, ही नम्र विनंती.

आपला,
माजलगावचा एक नागरिक