लेकॉकला एक रात्र राहाच

मुलीच्या बाळंतपणाला किंवा मुलाच्या बिऱ्हाडी विलायतेला गेलेल्या आपल्याकडच्या कितीतरी जणी सहा सहा महिने राहून परत येतात, आणि पाहिलेलं काय, तर लंडनचा राजवाडा आणि घरामागचं दुकान! मैत्रिणींनो, तुमचं जाणं ठरत असेल तर परतीच्या आधी दोन दिवस स्वतःसाठी मागून घ्या आणि एखाद्या जुन्या खेड्यात मुक्काम करा. मी सुचवीन विल्टशर परगण्यातलं लेकॉक. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून चिपनमपर्यंत आगगाडीला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तिथून बसने पाचेक किलोमीटर. मोटार चालवता येण्याची मुळीच गरज नाही.

गाव केवढं? चार रस्ते, चौकोनात. वर ना विजेची तार, ना अँटेना. बहुतेक घरं अठराव्या शतकातली किंवा त्याहून जुनी. एक घर तर चौदाव्या शतकातलं. वाकड्या झाडाचे दोन सोट समोरासमोर टेकवून त्यावर सगळा भार तोललेला. कोपऱ्यावर मोठं कोठार आहे, त्यात मठाला द्यायचा पिकाचा दहावा हिस्सा साठवीत. त्याच्या शेजारीच दारुड्यांना रात्रभर कोंडायची दगडी खोली! जॉर्ज इन या जुन्या खाणावळीत चुलाणाजवळ एक चाक आहे, त्यात कुत्रा पळवून मांसाची सळई फिरवीत. आपल्या जात्याला निदान ओव्या तरी होत्या, त्या बिचाऱ्या कुत्र्याला काय होतं?

पण मला गाव आवडलं ते तिथल्या बायकांमुळे. एला ही सॉल्सबरीची काउंटेस. नवरा १२२६ साली गेला. दुसरं लग्न तिने केलं नाही, परगण्याच्या शेरीफचं काम स्वतः पाहिलं, आणि १२३२ साली इथे मठाची पायाभरणी केली. पुढे तिथलीच प्रमुख नन झाली. मठात ऊब घ्यायची एक खोली आहे. स्वयंपाकघर सोडलं तर नन्सना विस्तव मिळे तो तिथे. त्या खोलीत १५०० साली मेखेलेनला ओतलेली एक प्रचंड कढई ठेवली आहे. आपल्या लग्नघरच्या आचाऱ्यालाही तिच्यासमोर घाम फुटेल.

१५३९ साली राजाने मठ मोडला आणि तो खाजगी वाडा झाला. पुढे टॅल्बट घराण्यातल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८३५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या जाळीच्या खिडकीचा इवलासा फोटो काढला. आज माहीत असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह ती हीच. भिंगातून खिडकीच्या सुमारे दोनशे काचा मोजता येत, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. ती खिडकी अजून जागेवर आहे. त्यांच्या लाकडी कॅमेऱ्यांना बायको कॉन्स्टन्स ‘उंदराचे सापळे’ म्हणे! पुढे तीही फोटोच्या खटपटीत पडलीच. त्यांची नात मटिल्डा हिने १९४४ साली वाडा आणि जवळजवळ सगळं गाव नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं.

माझ्या सासूबाई बरोबर होत्या. नणंद स्विंडनला असते, तिथून चिपनम पुढचंच स्टेशन. हे सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “मग भाडं कोण घेतं गं?” म्हटलं, “ट्रस्ट घेतो, आई. आणि दुरुस्तीही तोच बघतो.” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं. सगळ्यांचं भाडं मिळून कौलं फिरवायलाही पुरत नसे. मामंजींनी विकला तेव्हा मी खूप बोलले होते त्यांना.” त्या वाड्याच्या जागी आता पाच मजली इमारत आहे. लग्नाला चौदा वर्षं झाली, वाड्याचा विषय मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

दिवसा गावात ही गर्दी असते. १९९५ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेचं चित्रण इथलं, हॅरी पॉटरच्या शाळेच्या ओवऱ्याही इथल्याच. मग पोरंटोरं येणारच. संध्याकाळी बसगाड्या गेल्या की गाव गावकऱ्यांचं होतं. खिडक्यांत दिवे लागतात, कुणी कुत्रं फिरवायला निघतं. म्हणून म्हणते, रात्र राहा. मात्र ही राहती घरं आहेत बरं का! खिडकीला नाक लावून आत बघू नका, दारातल्या बाकावर बसून फोटो काढू नका. आपल्या दारात असं कुणी केलेलं चालेल का आपल्याला?

जुन्या खाणावळीत खोली घ्याल तर जिने अरुंद, जमीन उतरती आणि दारं ठेंगणी असतात. गुडघे दुखत असतील तर खालची खोली आधीच मागा. खोली दुपारी तीनच्या सुमाराला मिळते. रात्रीचं जेवण आठच्या आत उरका, खेड्यात चुली लवकर विझतात.

शाकाहाराचं खोली ठरवतानाच सांगा आणि नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका. सूप कशाच्या पाण्यात केलं, पायच्या पारीत चरबी आहे का, हे विचारावं. सकाळी बीन्स, अळंबी, भाजलेला टोमॅटो आणि टोस्ट मिळतो, पण अळंबी बेकनच्याच तव्यावर परतलेली नाही ना, तेवढं पाहा. दुपारच्या चहाबरोबर स्कोन, घट्ट साय आणि मुरंबा मात्र जरूर खा. सासूबाईंनी सायीची वाटी चमच्याने निपटून काढली.

ओढ्याकाठी जुना पूल आहे, तिकडे सकाळी जा. शेतातल्या पायवाटांवर सर्वांना हक्काने चालता येतं, फक्त फाटक मागे लावून घ्यायचं. चिखल भारी, तेव्हा साडी नको, सलवार आणि जाड बूट. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात चारलाच अंधारतं. आणि परतीच्या बसची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा, रविवारी तर नक्कीच.