कावळा खरोखर मूर्ख आहे काय?

कोकिळेचे अंडे उबवून तिचे पिलू वाढविणारा कावळा मूर्ख होय, हे मत इतके रूढ झाले आहे की, त्याची शहानिशा करण्याची गरज कोणास वाटत नाही. अमरकोशाने मात्र या दोघांकडे अधिक समतोल दृष्टीने पाहिले. त्यात कोकिळाला ‘परभृत’, म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, असे नाव आहे. आणि शेवटच्या ‘त’चा पाय मोडला की होणारे ‘परभृत्’, म्हणजे दुसऱ्यास पोसणारा, हे नाव कावळ्याचे आहे. त्यात मूर्खपणाचा उल्लेख कोठेही नाही.

उन्हाळ्याच्या अखेरीस कावळ्यांची घरटी तयार होतात. त्या दिवसांत काळाभोर कोकिळ किंवा तपकिरी, ठिपकेदार कोकिळा आसपास दिसली, की कावळा-कावळी कर्कश ओरडत तिच्यावर तुटून पडतात आणि झाडाझाडांतून तिला पिटाळून लावतात. अशी राखण करणाऱ्यास गाफील कसे म्हणावे? कोकिळेला घरटे मोकळे सापडण्याची वाट पाहत बसावे लागते. कधी कधी नर पुढे होऊन कावळ्यांना आपल्या मागे लावून दूर नेतो, असेही पक्षिनिरीक्षक सांगतात.

एकदा अंडे घरट्यात पडले, की मात्र कावळा ते सहसा टाकून देत नाही. ते त्याच्या अंड्याहून लहान असले, तरी रूपाने पुष्कळसे मिळतेजुळते असते. येथेच लोक त्याला हसतात. परंतु अंडे टाकून देणे तरी कितपत निर्धोक आहे? इंग्लंडमधील विकन फेन या दलदलीत बोरूच्या बेटांत वटवट्या नावाचे लहान पक्षी राहतात. त्यांच्या घरट्यांत निकोलस डेव्हिस व मायकेल ब्रुक या शास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या दशकात रंगविलेली खोटी अंडी ठेवून पाहिली. वटवट्यांनी वेगळ्या रंगाची अंडी बरीचशी ओळखली व काढून टाकली. पण या निवडीत क्वचित त्यांचे स्वतःचे अंडेही गेले.

वटवट्याने हा धोका पत्करणे योग्यच आहे. तेथील कुक्कूचे आंधळे पिलू यजमानाची सारी अंडी पाठीवर घेऊन बाहेर लोटते. कोकिळेचे पिलू सहसा तसे करीत नाही. ते आधी अंड्यातून बाहेर येते व घासाचा मोठा वाटा उचलते. तरीही कावळ्याची काही पिले त्याच्या शेजारी वाढून उडून जाऊ शकतात. म्हणजे अंडे ओळखण्यात चूक झाली तर पोटचे पिलू जायचे, आणि न टाकले तर बहुधा एक तोंड अधिक भरवावे लागायचे. हा हिशेब कावळा मनात मांडतो असे नव्हे. तो पिढ्यान्पिढ्या त्याच्या स्वभावात मुरला असावा. दारावर कडक पहारा ठेवावा आणि घरात आलेल्यास हुसकावू नये, या रीतीला अडाणीपणा म्हणणे न्याय्य होणार नाही.

पावसाळ्यात एखाद्या झाडावर चोच वासून ओरडणाऱ्या परक्या पिलाला कावळी भरविताना दिसते. तेवढ्यात एखादी कोकिळा जवळून गेली, तर त्या पिलाला तसेच सोडून ती तिच्या मागे झेपावते.