पिकअप किती सेकंदांचा? आधी चार्ज किती टक्के ते सांगा!

इलेक्ट्रिक गाडीच्या ब्रोशरमध्ये सगळ्यात ठळक अक्षरात छापलेला आकडा कुठला असतो? एक रेंज, आणि दुसरा "० ते १०० अमुक सेकंदांत". रेंजच्या आकड्यावर आता कुणी विश्वास ठेवत नाही, चौकातला पानवालासुद्धा त्यातून पंचवीस-तीस टक्के वजा करून सांगतो. पण त्या सेकंदांच्या आकड्याला मात्र कुणी हात लावत नाही. तो जणू दगडावर कोरलेला!

तर मंडळी, माझं म्हणणं सरळ आहे. बॅटरी किती टक्के भरलेली होती हे न सांगता छापलेला पिकअपचा आकडा ही अर्धी माहिती आहे. आणि घाटात ओव्हरटेक करताना अर्धी माहिती महागात पडते.

आधी थोडं फिजिक्स. घाबरू नका, बारावीचंच आहे. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. पेट्रोलच्या गाडीत टाकी भरलेली असो की तळाला लागलेली, इंजिनाला फरक पडत नाही. शेवटच्या लिटरलाही तेवढाच जोर. बॅटरीचं तसं नाही. निकेल-मँगनीज-कोबाल्टवाला सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, आणि रिकामा होत जातो तसा खाली उतरत ३ व्होल्टच्या आसपास येतो. शिवाय चार्ज तळाला गेला की सेलचा अंतर्गत रोधही वाढतो. म्हणजे करंट ओढायला गेलं की आतल्या आत जास्त व्होल्टेज पडतं. दुहेरी मार!

आकडे घालून बघू. ९६ सेल एका ओळीत जोडलेला पॅक घ्या. पूर्ण भरलेला असताना ९६ × ४.२ म्हणजे ४०३ व्होल्ट. पॅकचा रोध ०.१ ओहम धरा आणि ४०० अँपिअर ओढा. ४० व्होल्ट आतच पडले, उरले ३६३. पॉवर झाली सुमारे १४५ किलोवॅट. झकास!

आता तोच पॅक तळाला आलाय. सेल ३.४ व्होल्टवर, म्हणजे पॅक ३२६ व्होल्टवर. रोध वाढून ०.१५ ओहम झालाय असं धरा. तेच ४०० अँपिअर ओढायचे तर ६० व्होल्ट पडणार, उरणार २६६. पण थांबा... सेलला ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचं नाही असं बॅटरी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला सांगितलेलं असतं, म्हणजे पॅकची खालची मर्यादा २८८. मग ते सॉफ्टवेअर करंटच कापतं. फक्त २५३ अँपिअर देतं. हिशोब करा: ७३ किलोवॅट. बरोब्बर निम्मी पॉवर.

रोधाचे आकडे मी उदाहरणापुरते धरलेत, प्रत्येक गाडीचे वेगळे असतील. पण रस्ता हाच. आणि सॉफ्टवेअर करतंय ते योग्यच करतंय बरं का. तसं केलं नाही तर सेल कायमचा खराब होईल. माझं भांडण केमिस्ट्रीशी नाही. ही गोष्ट गिऱ्हाईकाला न सांगण्याशी आहे.

"पण मी तर रोज चालवतो, मला कधी जाणवलं नाही!" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. खरं आहे त्यांचं. सिग्नलवरून गाडी सुटते तेव्हा वेग कमी असतो, त्यामुळे लागणारी पॉवरही कमी असते. तिथे मर्यादा मोटरच्या टॉर्कची किंवा टायरच्या पकडीची असते, बॅटरीची नसते. २० टक्क्यांवरसुद्धा गाडी सिग्नलवरून तश्शीच उडते. फरक पडतो वेग वाढल्यावर. वेग वाढला की मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करू लागते, आणि पॅकचं व्होल्टेज आधीच कमी असेल तर मोटरचा पूर्ण जोर लवकर संपतो. म्हणजे शोरूमच्या आसपास दोन किलोमीटर टेस्ट ड्राइव्ह मारून हे कळणारच नाही. आणि टेस्ट ड्राइव्हची गाडी बहुतेक वेळा चांगली चार्ज करून ठेवलेली असते हे वेगळंच.

मग हे कुठे कळतं? घाटात. १६०० किलोची गाडी, चार माणसं, वर सामान, म्हणजे २००० किलो. आंबा घाटासारखा चढ, ६ टक्के धरू. पुढे ट्रक. तुम्हाला ४० वरून ७० ला जायचंय. तेवढा वेग वाढवायला सुमारे २५५ किलोज्यूल ऊर्जा लागते. पण चढ चढायला आणि हवा-टायरचं घर्षण सोसायला त्या वेगात साधारण २२.५ किलोवॅट आधीच खर्ची पडतात. चाकांपर्यंत ९० किलोवॅट पोचत असतील तर वेग वाढवायला उरले ६७.५. काम झालं पावणेचार-चार सेकंदांत. आता पॉवर निम्मी करा, ४५. त्यातून २२.५ गेले, उरले २२.५. वेळ लागला ११ सेकंदांच्या वर.

नीट बघा. पॉवर निम्मी झाली, वेळ मात्र तिप्पट! कारण घाट आपला हिस्सा आधी कापून घेतो, तुम्हाला उरतं ते उरलेलं. जी ओव्हरटेक ६० मीटरमध्ये व्हायची ती आता १७० मीटर खाते, आणि तेवढ्यात समोरून वळणावर लाल डब्बा आलेला असतो. तो काही तुमच्या बॅटरीचे टक्के बघून ब्रेक मारत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "१० टक्क्यांवर ओव्हरटेक करतं कोण?" अहो, १० टक्के होतात कधी? लांबच्या प्रवासाच्या शेवटी. चार्जर अजून पुढच्या गावात, पोरं मागे कुरकुरतायत, माणूस दमलेला आणि घाईत. म्हणजे ज्या वेळी जोर सगळ्यात कमी, नेमक्या त्याच वेळी घाई सगळ्यात जास्त. आणि गाडीने सकाळपासून पायाला जी सवय लावलेली असते, त्याच सवयीवर आपण उजवीकडे घेतो.

कंपन्यांना हे माहीत नाही असं समजू नका. २०१४ साली टेस्लाने मॉडेल एस पी८५डी आणली आणि ६९१ हॉर्सपॉवर असा आकडा दिला. तो होता पुढच्या आणि मागच्या मोटरच्या क्षमतेची बेरीज. बॅटरी एवढी पॉवर देऊच शकत नव्हती. बोंबाबोंब झाल्यावर सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीचे तेव्हाचे मुख्य तंत्रज्ञ जे. बी. स्ट्रॉबेल यांनी मोटरची पॉवर आणि बॅटरीची पॉवर या वेगळ्या गोष्टी कशा, हे लेख लिहून समजावलं. पुढे गाडीचा आकडा ४६३ वर आला. नॉर्वेतल्या शंभराहून जास्त मालकांनी कोर्टाची पायरी चढली आणि २०१६ च्या अखेरीस तडजोड झाली. इतकं रामायण होऊनही चार्जच्या टक्क्यांची ओळ ब्रोशरमध्ये आली नाही ती नाहीच.

सरकारी मोजमापाचं काय? इलेक्ट्रिक मोटरची पॉवर मोजण्याचा संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ८५ आहे, आपल्याकडे एआयएस-०४१ आहे. मोजतात मोटरची निव्वळ पॉवर आणि ३० मिनिटं टिकणारी कमाल पॉवर. नियम ८५ मध्ये मोटरला वीज देणारा स्रोत कसा असावा? व्होल्टेज जेमतेम पाच टक्के पडेल इतका स्थिर! म्हणजे बॅटरीचा जो मूळ स्वभाव, तोच परीक्षेतून वगळला. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर, रिकाम्या सर्व्हरवर बेंचमार्क काढायचा आणि दिवाळी सेलच्या रात्री गिऱ्हाईकाला तोच दाखवायचा. आपण असं केलं तर मॅनेजर सोडेल का? "माझ्या मशीनवर चालतं" हे उत्तर आपल्याला चालत नाही, मग पंधरा-वीस लाखांच्या गाडीला का चालावं?

"हे करता येत नाही" हेही खोटं. २०१९ मध्ये पोर्शने टायकानच्या प्रोटोटाइपवर ० ते २०० किमीचा पिकअप लागोपाठ २६ वेळा घेऊन दाखवला, आणि सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट फेरीत फरक होता फक्त ०.८ सेकंदांचा. महागडी गाडी आहे, मान्य. पण सातत्य हा मोजता येणारा आणि मिरवता येणारा गुण आहे हे तर सिद्ध झालं ना? निसानच्या लीफमध्ये पॉवर कापली की डॅशबोर्डवर चक्क कासव उगवतं. साधं चित्र, पण प्रामाणिक. फक्त ते उगवतं तेव्हा उशीर झालेला असतो.

लिथियम-आयर्न-फॉस्फेटवाल्यांनी फार खूश होऊ नये. बीवायडीच्या ब्लेडसारख्या या बॅटऱ्यांचं व्होल्टेज बराच काळ ३.२ च्या आसपास सपाट राहतं, त्यामुळे मधल्या टप्प्यात पिकअप फारसा बदलत नाही. पण शेवटी जे पडतं ते कड्यावरून पडल्यासारखं. आधी कुणकुणही न देता. म्हणजे इथे तर सांगण्याची गरज जास्तच.

स्कूटरवाल्यांचंही तेच. चार्ज ठरावीक टक्क्यांखाली गेला की सगळ्यात जोरदार मोड गुपचूप बंद होतो अशा स्कूटर आपल्याकडे कित्येक आहेत. जाहिरात मात्र त्याच मोडची!

मागणी फार नाही. एक, पिकअपचे तीन आकडे छापा: ८० टक्क्यांवर, ५० टक्क्यांवर आणि २० टक्क्यांवर. दोन, ० ते १०० बरोबर चालत्या गाडीचाही आकडा द्या, कारण सिग्नलवर शर्यत लावणारे थोडे आणि ओव्हरटेक करणारे सगळेच. तीन, आत्ता किती किलोवॅट मिळू शकतात ते डॅशबोर्डवर सतत दाखवा. सॉफ्टवेअरकडे हा आकडा प्रत्येक क्षणाला असतोच, त्यावरच तर ते करंट कापतं. फक्त स्क्रीनवर एक पट्टी काढायचीय. एका शनिवार-रविवारचं काम आहे हो!

तोवर आपण एवढं करू शकतो. शोरूममध्ये सेल्समनने सेकंदांचा आकडा सांगितला की शांतपणे विचारायचं, "किती टक्के चार्जवर?" तो बावचळेल, मॅनेजरला बोलावेल, मॅनेजर चहा मागवेल. चहा प्यायचा आणि प्रश्न पुन्हा विचारायचा. आणि २० टक्क्यांखाली गाडी असेल तर घाटात ट्रकच्या मागेच राहायचं. दहा मिनिटं उशिरा पोचलो तरी पोचलो हे महत्त्वाचं.