चित्राखालचे नाव

चैत्र शुद्ध प्रतिपदेला नागपूरची इतवारी नेहमीपेक्षा थोडी लवकर जागी होते. तीननल चौकापासून सराफ्यापर्यंत दुकानांच्या उंबरठ्यांवर पाणी शिंपडले जाते, दारांवर आंब्याची पाने चढतात, बोळांतल्या जुन्या घरांच्या गच्च्यांवर आणि खिडक्यांशी गुढ्या उभ्या राहतात, आणि कडुनिंबाचा कोवळा पाला जिभेवर ठेवून आपण सारे नव्या संवत्सरात पाऊल टाकतो. सरल्या वर्षात काय जमले, काय हातून निसटले, याचा मनाशी हिशेब मांडण्याचा हा दिवस. तो मांडताना आपल्याच वस्तीतल्या एका लहानशा समूहाकडे यंदा आपले लक्ष जावे असे वाटते. याच फाल्गुन-चैत्राच्या संधीवर शहरातल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाची मुले-मुली चार वर्षांचे काम भिंतीवर मांडायच्या खटपटीत असतात.

त्यांतली काही इतवारीतली असतात. दाटीवाटीच्या घरात जिन्याखाली, कपाटामागे, धान्याच्या कोठीला टेकवून त्यांचे कॅनव्हास उभे असतात. घरातले लोक त्यांना वळसा घालून जायला शिकलेले असतात. उन्हे चढू लागलेली, कुलरचे गवत बदलायला काढलेले, आणि त्या गरम वाऱ्यात जलरंगाचा हात कागदावर फिरतो न फिरतो तोच वाळून जातो. रात्री माउंट कापायचे, सकाळी फ्रेमवाल्याकडे खेपा घालायच्या. मग पाठीला लांबट नळकांडे आणि काखेत पोर्टफोलिओ घेऊन सेंट्रल अव्हेन्यूवर मेट्रो पकडायची. २०२२च्या डिसेंबरात ही मार्गिका पूर्व नागपुरापर्यंत पोहोचली, तेव्हा इथल्या एका स्थानकाला चितारओळी चौकाचे नाव मिळाले. चित्रकला शिकायला निघालेले पोर ज्या फलाटावर उभे असते, त्या फलाटालाच चिताऱ्यांच्या ओळीचे नाव आहे. आपल्या शहराने आपल्या कलावंतांची एवढी तरी आठवण दगडी अक्षरांत जपली, हे समाधान लहान नाही.

चितारओळीत गणपती घडतात, दुर्गा घडते, आणि ते घडवणारे हात पिढ्यान् पिढ्या तेच राहिले आहेत. मूर्तीवर मात्र कोणाची सही नसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपल्या इतवारीतून मारबतींचे पुतळे निघतात. काळी मारबत १८८१पासून आणि पिवळी १८८५पासून. त्यांच्या मागून बडगे येतात. बांबू, कागद, चिंध्या आणि रंग यांतून उभे केलेले, वर्षभराच्या महागाईवर, लाचेवर, रोगराईवर रोखठोक बोट ठेवणारे ते पुतळे पाहायला अवघे नागपूर रस्त्यांवर लोटते. आठवडेच्या आठवडे खपून केलेले हे काम काही तासांत लोकांच्या डोळ्यांपुढून जाते आणि त्याच दिवशी जाळले जाते. असे प्रदर्शन दुसऱ्या कुठल्या शहरात भरत असेल असे वाटत नाही. त्यातही कोणा एकट्याचे नाव पुढे येत नाही.

अशा वस्तीत वाढलेल्या मुलाला प्रदर्शनाच्या आधी कोणी सांगते की आता स्वतःविषयी बोलायला शीक, व्हिजिटिंग कार्ड छापून घे, कामाचे फोटो टाक, लोकांना बोलाव, आपली किंमत आपण सांग. त्याला अवघडल्यासारखे होते. आपलीच टिमकी वाजवू नये, हे त्याला आजीने शिकवलेले असते आणि शाळेनेही. काम चांगले असेल तर ते आपोआप बोलेल, असे तो म्हणतो. ही भीड खोटी नाही आणि तिच्यात एक सुसंस्कृतपणाही आहे. तरीही ती थोडी तपासून पाहायला हवी, कारण चितारओळीतल्या कारागिराला सही करावी लागली नाही याचे कारण केवळ त्याचा विनय नव्हता. त्याचे गिऱ्हाईक त्याच्या दारात येत असे. मूर्ती कोणाकडून आणली हे घरोघरी ठाऊक असे, पुढच्या वर्षीची मागणी तिथेच तोंडी नोंदवली जाई, आणि मूर्तीचा डोळा तिरका झाला तर बोलणी खायलाही तोच सापडे. नाव लिहिलेले नव्हते, पण ते माहीत होते. मारबतीचेही तेच. कोणत्या मंडळाची, कोणत्या मोहल्ल्याची, हे सगळ्यांना माहीत असते.

आज शेवटच्या वर्षाच्या मुलीचे चित्र तिच्या ओळीपुरते राहत नाही. ते मोबाइलच्या पडद्यावरून रायपूरला, पुण्याला, परदेशी जाते, आणि जिथे जाते तिथे तिला ओळखणारे कोणी नसते. चित्र दूर गेले आणि नाव घरी राहिले तर ते चित्र बेवारस होते. कोणीही उचलावे, कोणीही आपले म्हणावे. आपल्या सराफ्यात दागिन्याच्या आतल्या अंगाला पेढीचा शिक्का उमटवतात, तो मिरवण्यासाठी नसतो. उद्या सोन्यात खोट निघाली तर कोणाच्या दारात जायचे, हे त्यावरून कळते. चित्राखाली घातलेल्या नावाचाही अर्थ एवढाच असावा: हे मी केले आहे, याचे बरेवाईट माझ्याकडे आणा.

नावानिशी काम लोकांपुढे नेणे काय असते, हे या शहरात शिकलेल्या एका चित्रकाराने दाखवले आहे. मंडला जिल्ह्यात १९२२ साली जन्मलेले सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. मंडला तेव्हा मध्य प्रांतात होते आणि नागपूर त्या प्रांताची राजधानी होती. वनातल्या खेड्यातून आलेल्या या पोराला चित्राची पहिली रीतसर शिस्त इथे लागली. पुढे मुंबईला गेल्यावर पोटासाठी त्यांनी एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात मुंबईचे रस्ते, पाऊस, गर्दी रंगवली. ती चित्रे त्यांनी घरात ठेवली नाहीत. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत ती गेली, रुडॉल्फ फॉन लायडेन यांच्यासारख्या समीक्षकाच्या नजरेस पडली, आणि १९४८ साली सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. त्याच वर्षी काश्मिरात त्यांनी आपली चित्रे फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांना दाखवली. त्यांचा अभिप्राय गोड नव्हता. हात चांगला आहे, पण चित्रांत बांधणी नाही, चित्रकार सेझानचा अभ्यास करा, असा त्याचा आशय होता. रझांनी ते मनावर घेतले, १९५० साली शिष्यवृत्तीवर पॅरिस गाठले, आणि १९५६ साली तिथल्या समीक्षकांचा मानाचा पुरस्कार फ्रान्सबाहेरच्या चित्रकाराला पहिल्यांदा मिळाला तो त्यांना.

ही हकिकत यशाची म्हणून नेहमी सांगितली जाते. शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी तिच्यातला मोलाचा क्षण वेगळा वाटतो. रझांनी चित्रे दाखवली नसती तर तो कडू अभिप्राय त्यांना मिळालाच नसता. आपले काम लोकांपुढे मांडण्याचा पहिला लाभ कौतुक हा नव्हेच; आपल्याला न दिसलेली उणीव दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसणे, हा आहे. ज्युरीच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक दोन प्रश्न विचारून पुढे जातात. प्रदर्शनात मात्र कोणी अनोळखी गृहस्थ चित्रासमोर दहा मिनिटे उभा राहतो, काही न बोलता मान हलवतो आणि निघून जातो. त्याला गाठून काय वाटले हे विचारण्याचे धैर्य ज्याला झाले, त्याचे पुढचे वर्ष सुरू झाले.

कोणी म्हणेल की चित्रकार वासुदेव गायतोंडे तर बोलतच नसत. खरे आहे. तेही इथलेच, १९२४ साली नागपुरात जन्मलेले. त्यांनी मोजकी चित्रे काढली, दिल्लीत एकांतात राहिले, मुलाखती आणि समारंभ टाळले, आणि २००१ साली गेले तेव्हा फारशी बातमीही झाली नाही. २०२५ साली त्यांच्या एका चित्राला लिलावात ६७ कोटी रुपयांहून अधिक बोली लागली, त्यांच्या मागे चोवीस वर्षांनी. या मौनाबद्दल आपल्या मनात आदर आहे आणि राहील. परंतु त्या मौनाभोवती बोलणारी माणसे होती, त्यांची चित्रे मांडणारी दालने होती, त्यांचे काम पाहून ते इतरांना सांगणारे मित्र होते. इतवारीतल्या बावीस वर्षांच्या मुलीभोवती यांतले कोणी अजून उभे नाही. तिने मौन धरले तर ते फक्त न ऐकलेले राहील.

शिवाय काळ बदलला आहे. पूर्वी चित्रकलेची पदविका हाती आली की शाळेत चित्रकला शिक्षकाची जागा मिळण्याची आशा असे. स्वतः रझांनीही काही काळ गोंदियाला चित्रकला शिकवली. शाळांतल्या त्या कायम जागा गेल्या काही वर्षांत आटत गेल्या. हाताला काम मिळवण्यासाठी आज या मुलांना स्वतःच दारे ठोठवावी लागतात, म्हणून स्वतःची ओळख नीट करून देणे हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग झाला आहे. महाविद्यालयांनी तो शिकवावा. ती विद्या फार अवघड नाही. चित्राचा फोटो सकाळच्या सावलीतल्या उजेडात, सरळ धरून काढावा. भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर यावा, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांना ते सहज भिडते. खाली नाव, माध्यम, आकार, वर्ष आणि किंमत लिहावी. किंमत लपवू नये, कारण विचारायला संकोचणारा माणूस तसाच परत जातो. चाळीस चित्रे लावण्यापेक्षा बारा निवडावीत, आणि निवडताना ज्या चित्राला जास्त कष्ट पडले ते चांगलेच असेल हा समज सोडावा. सगळ्यांत अवघड असते ते स्वतःच्या कामाविषयीचे निवेदन. ते बहुतेक वेळा उसन्या, जड इंग्रजीत लिहिले जाते, आणि वाचणाऱ्याला चित्रापासून दूर ढकलते. जी मुलगी मस्कासाथच्या हमालांची रेखाटने वर्षभर करत होती, तिने पोती वाहणाऱ्या पाठीची वळणे आपल्याला का धरून ठेवतात हे चार साध्या मराठी वाक्यांत लिहावे. त्या चार वाक्यांत तिची ओळख कुठल्याही रीलपेक्षा अधिक खरी उतरेल. रीलही करावी, तिच्यात वाईट काही नाही. फक्त रीलमध्ये चेहऱ्याआधी हात दिसावा.

इतके सारे त्या मुलांनी केले, तरी पाहणारे आपण आलो नाही तर त्याचे काय व्हायचे? आपल्या घरांत चित्रकलेचे कौतुक एका ठरावीक वयापर्यंत असते. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलांना आपण हौसेने बसवतो. इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी आली की दहावीला ७ गुण वाढतात. त्या सात गुणांनंतर रंगपेटी माळ्यावर जाते. ज्यांनी ती माळ्यावर जाऊ दिली नाही, त्यांच्या प्रदर्शनाला बहुधा त्यांचेच वर्गमित्र, शिक्षक आणि आईवडील येतात. बाबा दुकान लवकर बंद करून येतात, प्रत्येक चित्रासमोर थोडे थोडे थांबतात, आणि कोणते विकले गेले हे विचारायचे मनात असूनही विचारत नाहीत. त्या बापाच्या बाजूला गर्दीत आपण असायला हवे. पाडव्याला आपण सोने घेतो, भांडे घेतो, ऐपतीप्रमाणे गाडी घेतो, आणि नव्या घराच्या दिवाणखान्यासाठी बाजारातून छापील निसर्गदृश्यही आणतो. तितक्याच पैशांत, किंवा थोड्या जास्त पैशांत, आपल्याच वस्तीतल्या पोराच्या हातचे एक मूळ चित्र त्या भिंतीवर येऊ शकते, हे आपल्याला सुचतच नाही. त्याला किंमत विचारली तर तो सांगेल, आणि घासाघीस केली तर बहुधा मान्यही करेल. निदान पहिल्या चित्राला ती करू नये.

आपल्या बाजारपेठेने आणखी एक गोष्ट करावी. मुंबईत केकू गांधी यांनी १९४१ साली केमोल्ड नावाने चौकटींचा व्यवसाय सुरू केला. त्यांच्याकडे फ्रेम करायला येणाऱ्या तरुण चित्रकारांची चित्रे त्यांनी दुकानातच मांडायला सुरुवात केली. त्या काळी आधुनिक चित्रे मांडायला मुंबईत फारशी जागा नव्हती, जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली झाली. १९६३ साली केमोल्डचे स्वतंत्र कलादालन उघडले आणि भारतीय चित्रकलेच्या इतिहासात त्याला जागा मिळाली, पण त्याची सुरुवात एका दुकानाच्या भिंतीपासून झाली होती. इतवारीत भिंतींची वाण नाही. कापडाच्या पेढीवर, सराफाच्या बैठकीत, दवाखान्याच्या प्रतीक्षेच्या खोलीत, फ्रेमवाल्याच्या दुकानात एकेका विद्यार्थ्याला दोन-तीन महिन्यांसाठी एकेक भिंत द्यावी. खाली त्याचे नाव आणि किंमत लिहिलेली चिठ्ठी असावी, विक्री झाली तर पैसे थेट त्याला जावेत, आणि मुदत संपली की त्या जागी दुसऱ्याचे चित्र यावे. खर्च फारसा नाही. खिळे आपल्याच बाजारात मिळतात. भिंत निवडताना तिच्यावर दुपारचे ऊन येत नाही एवढे पाहावे, कारण वैशाख दूर नाही आणि नागपूरच्या उन्हात जलरंग फार लवकर उडतात.