चौथीतले पोर काढील म्हणे!

“असले तर आमचे चौथीतले पोरसुद्धा काढील!” नव्या चित्रापुढे उभे राहून एवढे एक वाक्य फेकले, की शिकलासवरला माणूस मोकळा होतो. मी शाळामास्तर. पोरांच्या चित्रवह्या माझ्या हाताखालून जातात. म्हणून छातीठोक सांगतो, पोर असले काढणार नाही.

उदाहरणच घ्या. एर्न्स्ट लुडविग किर्शनर या जर्मन चित्रकाराचे १९०९ सालचे, लाकडी ठशाचे एक रंगीत चित्र आहे. उघडी माणसे एकमेकांवर लव्हाळी फेकीत आहेत. अंगे नारिंगी, लव्हाळी हिरवी, रेघा काळ्या आणि राकट. ड्रेस्डेनजवळच्या मोरित्सबुर्गच्या तळ्यांवर तो आणि त्याचे मित्र उन्हाळ्यात जात, डुंबत, चित्रे काढीत. या मित्रांच्या मंडळाचे नाव ‘ब्रुके’, म्हणजे पूल. वर्गणीदारांना ते दरसाल मूळ छापांचा एक संच देत; १९१० च्या संचात हे चित्र गेले.

आता पोराची गोष्ट. पोर पेन्सिलीने काढते, चुकले की रबराने खोडते. लाकडावर पाते घसरले तर खोडणार कशाने? कोरले ते कोरे राहते, ठेवले ते छापले जाते, आणि डावे ते उजवे होते. म्हणजे सारे चित्र आधी मनात उलटे दिसायला हवे. वर रंग रेषेशी जमवून उठवायचे. किर्शनर तर वास्तुशास्त्राची पदवी घेतलेला माणूस. सरळ रेघ त्याला येत नव्हती, असे म्हणायचीही सोय नाही! त्याला नाकडोळे नको होते. पाण्याकाठचा मोकळेपणा हवा होता.

“पण हे विलायती थेर, शिवाय अश्लील!” असे? मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकरवी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करविल्या आणि १८९६-९७ साली त्यांचा ग्रंथ काढला. तो ड्रेस्डेनमध्ये किर्शनरच्या हाती पडला, आणि त्याने त्यावरून रेखाटने केली. विलायती म्हणून ज्याला हिणवता, तो आपल्याच लेण्यांपुढे शिकायला बसला होता. आणि अजिंठ्याला सहल नेताना आपण मुलांचे डोळे झाकतो काय?

चित्र आवडलेच पाहिजे, अशी सक्ती नाही. न आवडणे हा तुमचा हक्क. पण न पाहताच हसणे, ही निराळी गोष्ट. १९३७ साली नाझी सरकारने म्युनिकमध्ये ‘अधःपतित कला’ म्हणून एक प्रदर्शन मांडले. चित्रांशेजारी भिंतींवर टिंगलीचे मजकूर लिहिले. लाखो लोक लोटले. किर्शनरच्या ६३९ कलाकृती जर्मन संग्रहालयांतून उचलल्या गेल्या. पुढच्याच वर्षी, जूनमध्ये, दावोसजवळ त्याने जीवन संपवले. त्यामागे इतरही दुःखे असतील. पण हे एक होतेच. हसणाऱ्या गर्दीने कुणाला मारले नव्हते. तिने फक्त मारणाऱ्यांना सोबत दिली.

म्हणून, वाचकहो, घरातले पोर असल्या चित्रापुढे थबकले, तर त्याला आपले हसू शिकवू नका. दोन मिनिटे त्याच्या शेजारी उभे राहा. तो महापूर केव्हाच ओसरला. कागदावरची लव्हाळी अजून हिरवी आहेत.